दोन घोंगड्यांवरचा वकील

नव्वदच्या दशकात आम्ही साताऱ्याचे काही तरुण वकील रविवारी माण तालुक्यात फुकट सल्ला द्यायला जायचो. सल्ला फुकट असला तरी काळा कोट मी हट्टानं घालायचो. उन्हानं माझं भरीत व्हायचं, पण रुबाब सोडवत नसे.

एका गावात दोन मेंढपाळ भाऊ एका एडक्यावरून भांडत होते. मला आलेला बघून दोघांनी लिंबाखाली आपापलं घोंगडं अंथरलं. कुणावर अन्याय नको म्हणून मी शहाणा मधोमध बसलो, अर्धा इकडं आणि अर्धा तिकडं. तिथली रीत मला कुणी सांगितलीच नव्हती. ज्याच्या घोंगड्यावर बसाल, त्याच्या बाजूनं बोलायचं!

"वकीलसायेब दोघांचंबी झालं," एक म्हातारी म्हणाली आणि मी अडकलो. थोरल्याच्या घोंगड्यावर उभा राहून मी धाकट्याला झोडपलं. मग धाकट्याच्या घोंगड्यावर जाऊन स्वतःचेच मुद्दे खोडून काढले. "आवं, मगाशी तर उलटं बोलला!" म्हणत गाव खिदळत होतं. एडका निवांत माझ्या कोटाचं टोक चघळत होता. मी त्याच्यावरच खेकसलो.

शेवटी थोरला धाकट्याच्या कानाला लागला. दोघंही हसले आणि एडक्याला घेऊन चालू लागले.

"अहो, भांडणाचं काय?" मी ओरडलो.

"मिटलं. एडका दोघांत ठिवतो," थोरला म्हणाला. "पर सायेब, तुमी दोन्हीकडनं हरला की! आता एखादा चांगला वकील बगा. फुकटातला नगं."