गाडी तं उभीच होती, ताई!

गाडी ठोकली, की विमा कंपनी मला पाठवते. मी सर्व्हेअर. काय मोडलं, कसं मोडलं, खर्च किती येईल, हे पाहून रिपोर्ट द्यायचा. यवतमाळ जिल्ह्यातले सगळे खड्डे मला नावानिशी ओळखतात! गाड्या दुरुस्त होतात, क्लेम बंद होतात, किस्से मात्र साचत जातात. इतकी वर्षं झाली, पण "मी ठोकली" असं आपणहून म्हणणारा माणूस मला एखादाच भेटलाय. झाड येऊन धडकतं, खांब येऊन धडकतो. आपली गाडी? "गाडी तं उभीच होती, ताई!"

* * *

सुरुवातीला एका गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकनं खुर्ची दिली, पंखा लावला, चहा मागवला. मला बरं वाटलं, केवढा मान! चहा संपला तरी कोणी गाडी दाखवेना. शेवटी मीच विचारलं, तर म्हणाला, "थांबा नं मॅडम, सर येऊ द्या."

"कोण सर?"

"सर्व्हेवाले."

मी ओढणी कमरेला बांधली आणि सरळ गाडीखाली शिरले. खालून आवाज दिला, "टॉर्च द्या. सर आले!"

* * *

दारव्ह्याचे एक रिटायर्ड मास्तर. क्लेममध्ये लिहिलं होतं, 'समोरून रोही आला.' आता रोही, म्हणजे नीलगाय, आमच्याकडे कुठूनही आडवा येतो. शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण बघते तर पुढून गाडी एकदम चकाचक आणि मागची डिक्की पार आत गेलेली!

"सर, रोही समोरून आला ना?"

"हो."

"मग डिक्की कशी चेपली?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "थो... वळून आला."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "कायचा रोही जी? काल रिव्हर्स घेतली आन् घरच्याच फाटकाले ठोकली!"

मास्तरांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "सर, फाटकाला लागली तरी क्लेम मिळतो. खोटं लिहिलं तर मात्र हातचा जातो. पॉलिसीत तसं छापलेलंच आहे."

काकूंनी कप खाली ठेवला. "हे जन्मभर पोट्ट्याइले सांगत राह्यले, आधी प्रश्न नीट वाचा म्हणून!"

मास्तरांनी माझ्यासमोरच सगळं खरं लिहून दिलं. अक्षर काय सुंदर!

* * *

एका घरी नवी गाडी आली. पूजा झाली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पोरगा म्हणाला, "बाबा, पहिला मान तुमचा." बाबा बसले. लिंबं चिरडायला जितका जोर लागतो, त्याच्या दसपट त्यांनी दिला! गाडी लिंबांवरून गेली ती थेट समोरच्या भिंतीवर.

हातात नारळ घेतलेला काका हळूच म्हणाला, "हे फोडायचं राह्यलं नं भाऊ."

बाबा आतूनच ओरडले, "राहू दे आता! हेडलाइट फुटला नं!"

* * *

उमरखेडच्या सविताताई नर्स आहेत. त्यांची गाडी मात्र खरंच उभी होती! दवाखान्याबाहेर ट्रकनं पार चेपून टाकली. दुरुस्त होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ड्युटी दूरच्या गावात, एसटीची वेळ जुळत नाही. बाईंचे फार हाल चालले होते.

कंपनीचे क्लेम बघणारे गावंडे साहेब माणूस चांगला, पण दुसऱ्याच्या गाडीची किंमत सांगताना त्यांचा आवाज बसतो. पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा बरीच कमी रक्कम त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बसवून सांगितली. "गाडी जुनी आहे, मॅडम. लय पळाली."

ताईंनी वाद घातला नाही. खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "साहेब, थे पांढरी गाडी कोनाची?"

"माझीच. का?"

"माह्यासारखीच हाये. त्याच वर्षाची. तुमी आता सांगितलं त्या भावात मले देऊन टाका. चेक आनला हाये."

"अहो, एवढ्या कमीत कोण देईल!" साहेब उसळून म्हणाले.

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले, नाही तर हसूच फुटलं असतं. शेवटी साहेबच हसले. "लिहा मॅडम, पॉलिसीवरची पूर्ण किंमत."

ताई उठता उठता म्हणाल्या, "गाडी चांगली ठेवली हो तुमी!"

* * *

फुलसावंगीजवळ एका तरुण प्राध्यापकांची कार देवराव काकांच्या बैलगाडीला मागून धडकली. माणसं वाचली. एक बैल मात्र गुडघ्यावर पडला तो उठेना. मी पोचले तेव्हा सरांची कार तशीच रस्त्याकडेला होती, आणि सर बैलाजवळ. जनावरांच्या डॉक्टरांना तेच घेऊन आले होते.

"काका, चूक माझीच. काय भरपाई द्यायची ते सांगा."

काका बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "मले कायले विचारता? लागलं त्याले. थो उठू द्या, मंग पाहू."

मग सर रोज कॉलेज सुटलं की फुलसावंगीला. कधी सरकीची ढेप घेऊन, कधी औषध. काका खाटेवर जागा करून द्यायचे. मी पुन्हा गेले त्या दिवशी बैल उभा होता! सरांचे डोळे भरून आले. काकांना म्हणाले, "आता तरी सांगा."

"त्यालेच विचारा."

सर खरंच बैलासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. बैलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, नाकातून फुस्स केलं आणि मान पुढे केली.

"झालं नं मंग!" काका म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

तेवढ्यात गावंडे साहेबांचा फोन. आवाजात टेन्शन. "मॅडम, पलीकडचे लोक केस करणार काय? थर्ड पार्टीचं म्हणणं काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब, थर्ड पार्टी सध्या आपल्या कस्टमरचा हात चाटून राह्यली!"