मोडीतली शेवटची ओळ

आमच्या शेजाऱ्याइतका निर्लज्ज वाचक शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही. चाळिशी उलटल्यावर गडी साक्षरतेच्या वर्गात बसला, बालबोध अक्षर ओळखू लागला आणि दिसेल ते वाचत सुटला, तेही ओरडून. रॉकेलचा डबा, काडेपेटी, धसईच्या बाजारात गूळ बांधून दिलेला कागद. गूळ पाघळला तरी चालेल, पण कागद वाचून संपल्याशिवाय हा घराची वाट धरायचा नाही. "मनात वाचावं रे," मी म्हणायचो. "मनात कशाला, तात्या? चोरीचं हाय काय?" चुकला की लेकीनं कान पिळायचा, असा कायदा त्यानंच केलेला. भर ओटीवर ती एवढीशी पोर बापाचा कान पिळायची. "बाबा, घडा नाय, धडा!" चुलीपाशी पोरीची आई हसायची आणि हसता हसता तीही अक्षरं उचलायची. धाकटा पोरगा तर शाळेत जायच्या आधीच वाचू लागला.

मी सातवीची फायनल पास. गावाची पत्रं वाचायचा मान माझा. पण माझ्यासमोर पुस्तक उघडलं की माझा मुलगा थरथरायचा, आणि बायकोला मी साधी सही शिकवली नव्हती. शेजारचं हसणं ऐकून माझ्या पोटात दुखायचं. इतकी वर्षं हे कुणापाशी बोललो नाही.

एकदा मुरबाडहून त्याच्या मेव्हण्याचं पत्र आलं, मोडीत. मोडी बापालाही येत नव्हती, लेकीलाही नाही. मी वाचून दाखवलं: सगळी खुशाल, म्हैस व्याली. शेवटची ओळ मात्र गिळली. 'मुलीची चौथी झाली असेल. जूनात इकडे पाठवावी, पुढे आम्ही शिकवू.' उत्तर गेलं नाही, तेव्हा बापाच्या मनात नसेल असं समजून मेव्हणा गप्प बसला. पोर वर्षभर गुरांमागे हिंडली.

पण हा गडी मोडीच्याही मागे लागला! घरात मोडीचा कागद एकच, ते पत्र. मी वाचून दाखवलेलं आठवून आठवून, अक्षराला अक्षर लावत तेच गिरवलं. एक दिवस ते घेऊन माझ्या ओटीवर हजर.

"तात्या, हितं खाली आणिक एक ओळ हाय."

मी कागद हातात घेऊन उलटसुलट केला.

"ही मोडी म्हंजे गौरीचा नाच. सगळ्या हात धरून फिरतात, कोण कुठली कळंल तर शपथ! तुमच्या नजरंतून सुटली. डोळं दुखतात काय?"

मी म्हटलं, "हो रे. हल्ली नीट दिसत नाही."

त्या जूनमध्ये पोर मुरबाडला गेली, पुढे मास्तरीण झाली. आणि तिचा बाप, जगला तोवर, दर बाजारच्या दिवशी माझ्यासाठी वर्तमानपत्र घेऊन यायचा. "तुमी बसा तात्या, डोळं मिटून आयका." लढाईच्या बातम्यांतली परदेशी गावं तोडून तोडून, घाम पुसत वाचायचा. तीन हातांवरून मला तो मजकूर स्वच्छ दिसायचा. मी डोळे मिटून ऐकायचो. तो चुकला तरी मला सांगायची सोय नव्हती.