पहिल्या पानावरचा गोलकीपर

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, रत्नागिरीत आमच्याच घराच्या पडवीत माझ्या वहिनीवर अन्याय झाला. करणारे नऊ जण होते. त्यातला एक तिचा नवरा, म्हणजे माझा दादा. एक मी. उरलेले सात दादाचे शाळेपासूनचे मित्र. सगळी भली माणसं, अडीनडीला धावून येणारी. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. वाईट माणसांविरुद्ध पत्रक अर्ध्या तासात लिहून होतं. पाखाडीच्या पायऱ्यांवरच्या दिव्यांसाठी, नळाच्या पाण्यासाठी मी अशी कितीतरी लिहिली आणि बाजारात उभं राहून वाटली आहेत.

"खेळच तर होता, एवढं काय त्यात?" असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी सांगतो आणि मग ठरवा.

इंग्लंडातल्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही नऊ जण पडवीत बसतो आणि तिथल्या खऱ्या खेळाडूंमधून आपापली कागदावरची टीम निवडतो. एक खेळाडू एकाच टीमला. म्हणून निवडीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. पहिल्या फेरीत एक ते नऊ, दुसऱ्या फेरीत उलटं, नऊ ते एक. मग तिकडे मैदानावर तो खेळाडू जे करील त्याचे गुण इकडे आम्हाला, आणि दर आठवड्याला जोड्या लावून एकमेकांशी सामना. मे महिन्यापर्यंत हेच. शनिवारी संध्याकाळी कुणाला फोन करू नये, उचलत नाही.

आमच्या गटातले दोघे बोटीवर नोकरीला आहेत. त्यामुळे एक रीत पडली आहे. दर्यावर असलेल्याची जागा मोडायची नाही. त्याची खुर्ची मांडायची आणि त्याच्या घरचं कुणीही येऊन त्याच्या वतीने निवड करायची. मला ही रीत अजूनही फार आवडते. याच रीतीने वहिनी सलग दोन वर्षं दादाच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही वर्षं दादाची टीम पहिली आली. फोनवरच्या गटावर अभिनंदन आलं ते दादाला. 'बोटीवरून पण मारलंस मेल्या!' वहिनीने ते निरोप स्वतः दादाला पुढे पाठवले. मीही अंगठा टाकला होता. कुणाला, तर दादाला.

या दोन्ही वर्षांत जुलैभर ती यादी करत असे आणि मी बाजूला बसून बघत असे. शंभर पानी वही. चार भाग: गोलकीपर, बचाव, मधली फळी, पुढची फळी. मैदानावर टीम जशी मागून पुढे उभी राहते त्याच क्रमाने. प्रत्येक भागात नावं वरून खाली, चांगल्याकडून बऱ्याकडे. पण खरी गंमत नावांच्या मध्ये मारलेल्या आडव्या रेघांत होती. वहिनीची आई बंदरावर मासे विकायची. तिथे बांगडे एकेक मोजून लावत नाहीत, सारख्याला सारखे जमवून वाटे लावतात. वहिनीने खेळाडूंचे वाटे लावले होते.

"हे बघा भावोजी," ती सांगायची, "ह्या वाट्यात बचावाचे सात आहेत. सातही सारखे. कुठचाही मिळाला तरी चालेल, मग घाई कशाला? पुढच्या फळीच्या पहिल्या वाट्यात मात्र दोघंच. तिकडे आधी धावायचं."

"आणि गोलकीपर?"

"गोलकीपर शेवटी! वीस क्लब, आपल्या नऊ टीमा, प्रत्येकी एकच कीपर. नऊ गेले तरी अकरा उरतात. ते काय पळून जातात?"

मॅच बघताना ती चेंडूकडे बघायचीच नाही. चेंडू डाव्या कोपऱ्यात असेल तर ही उजव्या बाजूचा बचावपटू कुठे उभा आहे ते बघायची. आपली जागा सोडून भरकटला की वहीत त्याच्या नावापुढे टिंब. तीन टिंबं झाली की तो खालच्या वाट्यात. चेहरा, केस, जाहिराती यांचा काही संबंध नाही. आमच्यातले अर्धे जण तर अजून केसांवरूनच निवडतात.

गेल्या वर्षी दादा निवडीच्या सहा दिवस आधी घरी आला. नऊ महिने तो बोटीवर होता. तिथे नेट एवढं तुटपुंजं की घरच्यांचा चेहरा नीट दिसला तरी पुष्कळ. मॅच कुठली बघतोय? पण माणूस नऊ महिन्यांनी आपल्या पडवीत, आपल्या मित्रांत बसणार होता. त्याला त्या खुर्चीची केवढी ओढ होती हे मला दिसत होतं. वहिनीलाही दिसलं. तिने काही न बोलता वही त्याच्या हातात दिली आणि नऊ माणसांचे घावणे घालायला आत गेली. "शनिवारी बसून एकदा समजावते," असं म्हणाली होती. शनिवारी दादाला भेटायला माणसंच एवढी आली की ते राहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या. दादाला एक नंबर. मला दोन.

दादाने वही उघडली, पहिल्या पानावरचं पहिलं नाव मोठ्याने वाचलं. गोलकीपरचं.

मग पडवी अशी हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला असलेला, म्हणून आमचा 'लोट्याचा', जो त्या दिवशी पाळी बदलून आला होता, तो तर खुर्चीवरून घसरलाच. "पहिल्या नंबरला कीपर! अरे, आता चेंडूत हवा कोण भरणार ते पण आताच निवड!"

वहिनी ताट घेऊन दारात आली. "अहो, तो शेवटी घ्यायचा. ते पान नुसतं—"

"काय वहिनी," लोट्याचा म्हणाला, "यादी तुमचीच ना?"

आणि दादा, ज्याचे कान लाल झाले होते, म्हणाला, "हिनेच पहिला लिहिलाय."

आमच्यातले एक कॉलेजात शिकवतात, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणतात; नियम ते सांभाळतात. ते म्हणाले, "घेतला तो घेतला. पुढचा."

पुढचा मी होतो. ती वही मला पाठ होती. रेघा कशाच्या, पहिलं पान पहिलं का, सगळं मला ठाऊक होतं. तिथे फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण पुढच्या फळीतला सगळ्यात वरचा खेळाडू आता मोकळा होता आणि पाळी माझी होती. मी त्याचं नाव घेतलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, ताट ठेवलं आणि आत गेली. घड्याळात बारा दहा झाले होते. मी बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

वर्षभर तो विनोद चालला. कुणी काही चुकलं की 'वहिनीची यादी का रे?' सरांच्या घरी सत्यनारायणाला वहिनी गेली, तर सरांच्या बायकोनेही हसून विचारलं, "तुम्हीच ना त्या, गोलकीपरवाल्या?" तिला कुणी सांगितलं नव्हतं की दोन वर्षं जिंकलेल्या पण ह्याच. वहिनी हसली. घरी येऊन वही ट्रंकेत घातली. मॅच लागली की ती वाती वळायला बसायची, पाठ टीव्हीकडे करून. मी मात्र त्या खेळाडूच्या जोरावर पहिल्यांदाच पहिल्या तिघांत आलो. त्याने गोल केला की मी ओरडायचो, आणि मग आवाज खाली आणायचो.

या जुलैत दादा पुन्हा बोटीवर. सरांचा मला फोन आला. "वहिनींना सांग, यंदा खुर्ची त्यांनाच सांभाळायचीय. यादीला लागू दे."

मी स्वयंपाकघरात जाऊन निरोप सांगितला. ती कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मी नाही त्यांच्या खुर्चीवर बसणार. जिंकले तर ते, हरले तर मी. असली खुर्ची कुणाला हवीय?"

"मग स्वतःची टीम घे. मी गटात मांडतो. पत्रकच काढतो, बघ तू!"

"पत्रक नको, भावोजी." आता तिने वर बघितलं. "तुम्ही होतात तिथे. तुम्हाला माहीत होतं. तेवढं बोला, सगळ्यांसमोर. मग बघू टीमचं."

पुढच्या रविवारी सरांच्या अंगणात सगळे जमले, दोघे बोटीवरचे सोडून. वहिनीही आली होती, सरांच्या बायकोजवळ बसली. मी खिशातला कागद काढला, त्यावर तीन मुद्दे होते, आणि परत ठेवला. एवढंच म्हटलं, "गेल्या वर्षी यादी बरोबर होती. दादाने पान चुकीचं वाचलं. मला कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण तो खेळाडू मला हवा होता."

लोट्याचा म्हणाला, "आयला, तरी म्हटलं तू तिसरा आलास कसा!"

हसले सगळे, पण थोडं. सरांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, मी तेव्हा तुमचं वाक्य पुरं होऊ द्यायला हवं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी दादाचा निरोप वाजवून दाखवला. मी त्याला आदल्या दिवशी सगळं कळवलं होतं. मागे इंजिनाची घरघर आणि दादाचा आवाज: "मला वाचताच आली नाय गो ती. तेव्हा लाज वाटली आणि तुझ्यावर ढकललं. आता ऐकतायत ना सगळे? चुकलो मी."

वहिनी पदराच्या काठाशी काहीतरी करत बसली.

दहाव्या टीमला सरांची हरकत नव्हती; नऊ असल्याने दर आठवड्याला एक जण बिनजोडीचा राहतो, दहा झाले की जोड्या पुऱ्या. लोट्याच्याने मात्र मान हलवली. "एका घरात नवराबायको दोघांच्या टीमा. आपसात खेळाडू बदलून आम्हाला गुंडाळतील."

"त्यांच्याकडे बदलण्यासारखं आहे काय?" वहिनी म्हणाली.

लोट्याच्याने हात जोडले. तरी नवराबायकोने अदलाबदल करायची नाही असा नियम त्याने लिहून घेतलाच, आणि त्याच्या मनातून तो संशय अजून गेलेला नाही. असू दे.

आता ट्रंकेतली वही बाहेर आली आहे. गोलकीपरचं पान यंदाही पहिलंच आहे; "टीम मागूनच उभी राहते, मी का बदलू?" असं ती म्हणते. पुढच्या फळीत किती वाटे आहेत ते मला माहीत नाही. मी खोलीत शिरलो की ती वहीवर हात ठेवते. दादाची यादी यंदा मला करायची आहे आणि बचावाच्या दुसऱ्या वाट्यापाशी मी तीन दिवस अडकून पडलो आहे.

तुमच्या गटाचीही निवड याच दिवसांत असेल. खेळाची नसेल तर आणखी कशाची. यादी तुमच्या नावावर आणि केलेली दुसऱ्या कुणी, असं असेल, तर हे वाचून झाल्यावर त्या माणसाचं नाव गटावर टाका आणि त्याला त्याची वेगळी खुर्ची द्या. तुमची नको. आणि चूक कुणाची होती हे ठाऊक असून तुम्ही गप्प बसला असाल, तर जितक्या जणांसमोर गप्प बसलात तितक्याच जणांसमोर बोला. घरात एकट्याला गाठून माफी मागणं चालणार नाही. रविवारच्या आत बोला.