ट्रंकेखालचा नमदा

लढाईच्या त्या हिवाळ्यात आमच्या लष्करी कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आणि रांझीतल्या कारखान्याच्या क्वार्टरांतल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत. ते जमा करून ठेवायचं काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं होतं. आमची मोठी ट्रंक भरत आली होती.

एका रविवारी वरच्याच स्वेटरच्या बाहीला भोकं दिसली. मी तिच्यावर उखडलो. ऊन दाखवत नाहीस, डांबरगोळ्या टाकतानाही हात आखडतेस, असं बरंच बोललो. गोळ्या दुप्पट केल्या, कडुलिंबाचा पाला घातला. आठवड्याभरात आणखी तीन स्वेटर गेले. शेजारच्या दीदी आपले दोन परत घेऊन गेल्या.

कसर म्हणावी, तर एक पतंग दिसेना. खिडकीत तिळाएवढे ठिपकेदार किडे मरून पडलेले आणि लोकरीत त्यांच्याच तपकिरी, केसाळ अळ्या. आपल्या पोकळ काती मागे टाकत गोळ्यांच्या शेजारीच निवांत चरत होत्या! वैतागून मी ट्रंक ओढली.

खाली नमदा होता, अळ्यांनी भरलेला. ओल लागू नये म्हणून मीच तो अंथरला होता. कारखान्यात पेट्यांत घालायच्या जाड लोकरी नमद्याची ती कातरणं, डब्याच्या पिशवीतून, गेटवर न दाखवता आणलेली. ट्रंकेचा तळ एका कोपऱ्यात गंजून फुटला होता. तिथून अळ्या वर चढल्या होत्या.

मी तो गुपचूप अंगणात जाळला. पण लोकर जळाल्याचा वास लपत नाही. बायको दारात आली.

"तुम्ही आणलेला नमदा नं हा?" ती म्हणाली. "मग आठ दिवस मला काहून बोलून राहिले होते?"

आम्ही एकेक स्वेटर उन्हात झटकला, शिवणी ब्रशने घासल्या, ट्रंकेच्या सांध्यांवर रॉकेलचा बोळा फिरवला. फुटका कोपरा पत्रा ठोकून बंद केला. अळ्या थांबल्या. स्वतःचा स्वेटर उसवून तिने भोकं विणून काढली.

दीदींनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, ट्रंक फुटकी होती. नमद्याचं नाव काढलं नाही. नोकरीची भीती होती. बायको शेजारी उभी होती, तीही काही बोलली नाही. पुढच्या खेपेचे स्वेटर दीदींच्या घरी जमा झाले. सगळ्यांना वाटलं, हिच्याकडे लोकर नीट राहत नाही. आजही वाटतं.