माझ्या नावाचं लॉगिन

आमच्या कॉलेजचा सर्व्हर लायब्ररीच्या मागच्या खोलीत होता. त्याला ना माऊस, ना चित्रं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि तो उत्तर देईल ते वाचायचं. ते काम माझ्याकडे होतं. मी राजूरहून ऑटोनं यायची, कंत्राटावर होते, आणि दर जूनमध्ये प्राचार्यांनी सही केली तरच माझं पुढचं वर्ष सुरू व्हायचं.

शेजारच्या टेबलावर ऑफिसचे बाबू बसत. कायम नोकरीतले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायची. त्यांना शिकायची हौस आणि मला शिकवायची खाज. पीडब्ल्यूडी ही कमांड सांगितली तेव्हा म्हणाले, "हे तं बांधकाम खातं झालं, ताई!" मी हसून सांगितलं, "आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते हिला विचारायचं, दादा. त्याशिवाय काही पुसायचं नाही." दोन वर्षांत ते तयार झाले. मला त्याचा अभिमान होता.

मी त्यांना वेगळं लॉगिन काढून द्यायला निघाले तर ते रुसले. "आपल्याआपल्यात वेगळं कायले? तुमचा मायावर भरोसा नाई का?" रोज डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्या माणसाला आमच्याकडे पासवर्ड नाकारता येत नाही. मी माझाच देऊन टाकला. हा मूर्खपणा माझा, तो दुसऱ्याच्या माथी मारत नाही.

एका बुधवारी रजा टाकून मी आईला डोळे दाखवायला यवतमाळला नेलं. गुरुवारी येऊन बघते तर शिष्यवृत्तीच्या अर्जांचा फोल्डर रिकामा. शनिवारी काढून ठेवलेली प्रत होती, ती परत टाकली. पण सोमवार ते बुधवारचे अर्ज गेले ते गेलेच. त्यात झरी जामणीकडच्या पोरी होत्या, दिवस बुडवून, दोन बस बदलून आलेल्या. त्यांना पुन्हा बोलवावं लागणार होतं.

मी आदल्या दिवशीच्या कमांडची यादी काढली. डिस्क भरली म्हणून कुणीतरी जुन्या वर्षाचे अर्ज काढायला गेलं होतं आणि आपण कुठं आहोत हे न बघता भलत्याच फोल्डरमधलं सगळं पुसून बसलं होतं. लॉगिन माझं. कोण कुठून आलं हे दाखवणारी आणखी एक कमांड असते, ती दिली. बुधवारची दुपार, दादांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर. खरं सांगते, मला राग आला नाही. चूक कुणाच्याही हातून होते. दादा स्वतःच सांगतील, असं मी धरून चालले.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये दादा हात बांधून उभे राहिले. "मले त्यातलं काई समजत नाई, सर. मी हात बी लावत नाई. ते सारं ताईच पायते."

मी प्रिंट काढलेला कागद पुढे ठेवला. माझ्या रजेच्या अर्जावर प्राचार्यांचीच सही होती, तेही मी सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "कॉम्प्युटरचं राहू द्या हो. नाव तर तुमचंच आहे ना?" दादा खिडकीबाहेर बघत होते. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की या माणसानं आमची दोन वर्षं झालीच नाहीत असं सांगितलं होतं, आणि तेही आवाज न कापता.

जूनमध्ये सही झाली नाही. सर्व्हर दादांकडे द्यायचं ठरलं, आणि जाण्याआधी त्यांना सगळं पहिल्यापासून शिकवून जा, असा मला निरोप आला.

दादा कोरी वही घेऊन शेजारी बसले. प्राचार्य मागे उभे होते. बोललेलं खोटं निभवायचं तर दादांना अडाणी राहणं भागच होतं.

"ताई," पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "फाईल पुसाची कमांड कोनती असते?"

ते वहीत तारीख टाकत होते. मी कमांड सांगितली, आणि त्यांनी ती दोनदा विचारून, नीट अक्षरात लिहून घेतली.