कबऱ्याचं आवतन

वर्ध्याच्या डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वडखेडीत आता बैलांची एकच जोडी उरली होती, आनंदराव आणि कमलाची. बाकीच्यांच्या वावरात प्लॉट पडले. चरायचं रान गेलं, तिथं कॉलनी झाली. तिच्या नावात ‘ग्रीन’ आहे, पण हिरवं म्हणाल तर फक्त फाटकाचा रंग. या कॉलनीवाल्यांना रस्त्यावर शेणाचा पो पडलेला खपत नाही. पोळ्याला मात्र पूजेसाठी बैल दारात हवेत, फोटोला हवेत. कमलाला याचा संताप यायचा, तरी ती हसून ‘आणतो जी’ म्हणायची. संतापून भागणार नव्हतं. कॉलनीशेजारच्या लॉनवर, लग्न-वाढदिवसाच्या त्या झगमगाटात, ती भांडी घासायला होती.

लॉनवर अन्न भरमसाट उरायचं. तिथला मॅनेजर प्रफुल मनानं वाईट नव्हता. ‘ने बाई घरी’ म्हणायचा. कमला भात, पोळ्या घेऊन यायची आणि तिचं नि आनंदरावाचं रात्रीचं जेवण त्यावर निघायचं. बैलांचं तसं नव्हतं. चाऱ्याला कुटार विकत आणायचं आणि पुरवून पुरवून घालायचं. कबऱ्या काय, लाल्या काय, दोघांच्याही बरगड्या वर आल्या होत्या. असे बैल लोकांच्या दारात न्यायचे म्हणजे कमलाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आनंदरावानं बैल धुऊन आणले. पळसाच्या पानानं लोणी-हळद लावून त्यांचे खांदे शेकले. मग दोघांनी बैलांच्या खांद्यावर हात ठेवून रिवाजाप्रमाणं म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

त्या दिवशी लॉनवर कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस झाला होता. कमलानं टोपल्या भरभरून पुलाव आणला होता. तो तिनं बैलांपुढं ठेवला.

“लय नको देऊ वो,” आनंदराव म्हणाला.

“खाऊ द्या ना. आवतन दिलं अन् उपाशी ठेवता का? आपण रोज तेच खाऊन राह्यलो, आपल्याले का झालं?”

आनंदराव हसला. कबऱ्या मुळात खादाड. लाल्याला शिंगानं बाजूला सारून सगळ्या टोपल्या त्यानंच चाटूनपुसून साफ केल्या. कमला त्याची मान खाजवत उभी राहिली. जनावर पोटभर जेवताना तिनं किती तरी महिन्यांनी पाहिलं होतं, आणि तिला फार बरं वाटलं.

सकाळी कबऱ्या उठला नाही. पोट तट्ट फुगलेलं, रवंथ बंद, डोळे खोल गेलेले. सणाचा दिवस; गुरांचा डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली. बिचाऱ्यानं घाम पुसायलाही उसंत घेतली नाही. नळी घातली, सुया टोचल्या, आणि मग विचारलं, “काय खाल्लं यानं?”

“पुलाव,” कमला म्हणाली. “मीच देल्ला.”

“एवढा भात पोटात आंबते बाई. जनावराले विषच होते ते.” डॉक्टरनं बॅग आवरायला घेतली.

चुलीवर पुरण शिजत होतं. कबऱ्यानं मान टाकली तेव्हा कमलाच्या हाताला पुरण लागलेलं होतं. त्याच हातानं ती त्याला कुरवाळत राहिली, आणि मग मोठ्यांदा रडली. “जेवाले बलावून मारलं मी त्याले!”

“तू एकटीनं नाई मारलं. मी होतोच ना उभा,” आनंदराव म्हणाला.

एका बैलानं वखर चालत नाही. दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणजे आता लाल्याही बाजारात जाणार आणि वावर प्लॉटवाल्याकडं, हे न बोलताच दोघांना कळलं. तेवढ्यात कॉलनीतल्या मोहिनी मॅडमचा फोन आला. “काकू, बैल कधी येणार? आम्ही सगळ्या नऊवारी नेसून तयार आहोत.”

“एक बैल मेला जी. आमचं येणं नाई होत.”

“अगंबाई! मग एकच आणा ना. मुलं केव्हाची थांबलीत.”

कमलानं फोन ठेवून दिला. मेलेली ढोरं पुरायची गावाची जागाही कॉलनीत गेली होती. आनंदरावानं जेसीबी बोलावून आपल्याच वावराच्या धुऱ्यावर खड्डा करवला. आदल्या रात्री कबऱ्याच्या शिंगांना लावलेला रंग अजून ताजा होता.

कॉलनीनं पोळा साजरा केलाच. लाकडी बैल मांडून पूजा झाली आणि लॉनवर पंगत बसली. कमलाला भांड्यांना जावं लागलं. एक खाडा केला तर उद्या दुसरी बाई ठेवतील. निघताना प्रफुलनं भाताची टोपली तिच्यापुढं सरकवली. “ने बाई. पोळा हाय, बैलायले घाल.”

कमलानं टोपली उचलली. घरी चूल विझली होती, पुरण तसंच पडलं होतं. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. तिनं टोपलीतल्या भाताची दोन ताटं वाढली. वासानं गोठ्यातून लाल्या हंबरला. कमला उठली, दार लावून आली.

“जेव,” आनंदराव म्हणाला, “आपल्याले काई नाई होत.”