राधी शिखरावरून उतरली तो सोमवार

चैत्रातला सोमवार, दुष्काळाचं दुसरं वर्ष. चाकूरजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या देवळापुढे हजर: मी, माझे यजमान, गुरवमामा, आणि वर शिखराला बिलगून राधी. राधी म्हणजे मदाऱ्याची माकडीण.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा तिथल्या कचेऱ्यांपुढे गर्दी जमेल आणि खेळ चालेल अशी मदाऱ्याला आशा होती. दुष्काळात खेळाला थांबतंय कोण? फाल्गुनात त्याने साखळी माझ्या हातात दिली. "बाई, पाणी हिला पाजू का लेकरांला? तुमीच ठिवा." त्याची डुगडुगीही मी मागून घेतली, पुन्हा वाजायला नको म्हणून. राधीचे सुळे उपटलेले होते. घास पुढे केला की ती आधी सलाम करी, गिरकी घेई, मगच खाई. रिकाम्या हातालाही सलाम करी. ते बघवत नसे.

मी कामं ओळीने लावली. साखळी काढणं, गळ्याच्या जखमेला हळद, सलामाशिवाय खायला शिकवणं. हे शिकवणं साधलंच नाही. तरी शनिवार धरून, नारळ फोडून, तिला देवळाभोवतीच्या वानरांत सोडलं. ती वानरं काळ्या तोंडाची, राधी लाल तोंडाची. मारुतीची म्हणजे सगळी एकच, असं आम्ही धरून चाललो होतो. वानरांनी तिला फाडलं. तेव्हापासून ती शिखरावर होती. शिडी झाली, केळी झाली, पाण्याची कळशी दाखवून झाली. हाक मारली की वरूनच सलाम करी. आता तिला हातही पुरता उचलवत नव्हता.

"डुगडुगी वाजवा की, बाई," गुरवमामा म्हणाले. "पळत येईल बगा."

"आणि पुन्हा नाचायला लागेल."

"मरण्यापरीस नाचलेलं बरं न्हाई का?"

मी घरून डुगडुगी आणली. गाभाऱ्याकडे पाहिलं, पण प्रार्थना सुचेना. तुझ्या पायाशी आणून सोडली आणि तू हे होऊ दिलंस, एवढंच मनात आलं. मग तो रागही ओसरला. मला काही येत नाही, एवढंच उरलं.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. आमच्या गावाचा तो दिवस नव्हता. पुढचा रस्ता उकरून ठेवलाय, हितंच रिता करतो, असं ड्रायव्हर म्हणाला. गाडी मुखेडकडची, माणूस अनोळखी. त्याने तोटी सोडली, बायका घागरी घेऊन धावल्या, आणि राधी उतरली. घागरींमधून खुरडत गेली आणि धारेला तोंड लावलं. सलाम नाही, गिरकी नाही.

"आता माकडाची बी रांग लावा!" एकजण ओरडली.

"पिऊ द्या माय," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या आदी आलीया ती."

बायका हसल्या आणि थांबल्या. डुगडुगी माझ्या हातात मुकीच राहिली.

त्या ड्रायव्हरला मी नावही विचारलं नाही. हात जोडले ते मारुतीला. पुढचं सुखाचं नाही. राधीचा डावा हात लुळा झाला, आणि घरी आल्यावर ती पुन्हा सलाम करू लागली. माझ्या ठरवण्याने काही होत नाही, हे मला त्या धारेपाशी कळलं. त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण हातपाय हलवायचे ते माझेच. किनवटकडच्या रानात लाल तोंडाची टोळी आहे म्हणतात. ती राधीला घेईल का, कुणी सांगू शकत नाही. तिला अजून तिकडे न्यायचं आहे.